उंदराच्या आधी पिंजरा बघा

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

मागे आवाज येतोय का? येतोय ना, बरं. पंखा एक खटका कमी केलात तर बरं होईल, त्या आवाजाबद्दल मी पुढे बोलणारच आहे.

तर विषय तुम्ही पत्रिकेत वाचलाच आहे, उंदरांच्या मेंदूतली आकडी आणि मेंदूच्या कामावर कशाकशाचा परिणाम होतो. हा विषय मीच लिहून पाठवला होता आणि त्यावर बोलणार म्हणजे बोलणार. मी एकतीस वर्षं फार्माकॉलॉजी शिकवलं, म्हणजे औषधं शरीरात काय करतात ते, आणि त्यातली वीसेक वर्षं माझा अर्धा दिवस अॅनिमल हाऊसमध्ये, पांढऱ्या उंदरांच्या सोबत गेला. घरचे म्हणायचे की हिच्या अंगाला भुशाचा वास येतो. येतच होता. त्या वीस वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आणि ती सांगायला मला असा बसून ऐकणारा हॉल हवाच होता, कारण वर्गात पोर्शन संपवायचा असतो आणि परिषदेत आठ मिनिटं मिळतात.

सुरू व्हायच्या आधीच एक चिठ्ठी आली आहे. नाव नाहीये, नकोच. लिहिलंय, माझ्या मुलाला फिट येते, पण बहुतेक रविवारीच येते, असं असू शकतं का, घरचे म्हणतात मी उगाच संबंध जोडते. ताई, तुमची चिठ्ठी मी इथे पाण्याच्या भांड्याखाली ठेवते. उत्तर शेवटी, पण तुम्ही उगाच जोडत नाही आहात एवढं आत्ताच सांगते.

आपल्याकडे याला किती शब्द आहेत बघा. फिट, फेफरं, आकडी, मिरगी, आणि पुस्तकात अपस्मार. एवढे शब्द असूनही घरात मात्र कुणी एकही शब्द मोठ्याने बोलत नाही. हात वर करा बरं, किती जणांनी आकडी आलेल्या माणसाच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावताना पाहिलंय? ...बघा. अर्ध्याहून जास्त हॉल. मी सातवीत असताना माझ्या बाकावरच्या मुलीला प्रार्थनेच्या वेळी आकडी आली. चप्पल हुंगवली, दातात चमचा घातला, तिचा एक दात तुटला. दोन मिनिटांत ती स्वतःहून शुद्धीवर आली असती. त्या दिवसानंतर ती शाळेत आलीच नाही, आणि कुणी विचारलंही नाही की ती का येत नाही. मी या विषयात का आले असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी शास्त्रीय सांगते, पण खरं कारण तो बाक आहे.

आता उंदीर. आपल्या भाषेत उंदीर म्हटलं की सगळे त्यात आले, पण प्रयोगशाळेत रॅट वेगळा आणि माऊस वेगळा. रॅट म्हणजे मोठा, दोनशे-तीनशे ग्रॅमचा, शांत, हातात घेतला की ओळखतो. माऊस म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅमचा, सतत घाईत. माझे उंदीर म्हणजे विस्टार रॅट, पांढरे, लाल डोळ्यांचे. फिलाडेल्फियातल्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात तयार केली गेली आणि आज जगभर त्यांचे वंशज आहेत. गणपतीच्या पायाशी बसणारा उंदीर आपण कधी नीट पाहत नाही, लाडू बघतो. मी पाहिलाय. त्याची मिशी हलते त्यावरून मला त्याचा दिवस कसा चाललाय ते कळायचं.

तर गोष्ट सुरू होते कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या वॉटर्लू विद्यापीठात, साठच्या दशकात. ग्रॅहॅम गॉडर्ड नावाचे संशोधक उंदीर शिकतात कसे याचा अभ्यास करत होते. आकडीचा अभ्यास नव्हताच तो! मेंदूच्या आत कानशिलाच्या बाजूला बदामाएवढा, म्हणजे आपल्या मेंदूत बदामाएवढा, उंदराच्या तर अगदी कणभर, असा एक भाग असतो, अमिग्डाला, भीती-रागाचं ठाणं म्हणा. त्यात बारीक तार बसवून ते रोज अगदी हलका विजेचा झटका देत होते आणि त्याने शिकण्यावर काय फरक पडतो ते बघत होते. झटका इतका हलका की पहिल्या दिवशी उंदराला काही होत नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडाभर नाही. आणि मग काही उंदरांना त्याच, तेवढ्याच झटक्याने पूर्ण आकडी यायला लागली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता प्रयोग बिघडला, उंदीर बदला. गॉडर्ड तिथे थांबले. १९६७ साली नेचर या शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी हे छापलं आणि १९६९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मोठा पेपर लिहिला. त्यात जे आहे ते मी दरवर्षी शिकवताना पुन्हा वाचायचे आणि दरवर्षी अंगावर काटा यायचा. रोज एकदा झटका दिला तर साधारण दोन आठवड्यांत उंदीर आकडीपर्यंत पोचतो. पण तोच झटका काही मिनिटांच्या अंतराने, घाईघाईने दिला तर पोचत नाही! मधे वेळ जावा लागतो, चोवीस तासांचं अंतर सगळ्यात चांगलं. नुसती तार बसवून वीज दिली नाही तर काही होत नाही, म्हणजे जखमेमुळे होत नाहीये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उंदराला काही महिने काहीही न करता तसंच ठेवलं आणि मग एकदा हलका झटका दिला तर पुन्हा आकडी. मेंदू विसरलेला नसतो.

याला इंग्रजीत किंडलिंग म्हणतात. ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना समजावून सांगायला नको. मोठ्या ओंडक्याला काडी लावून तो पेटत नाही. आधी चिपाडं, सणकाड्या, मग काटक्या, मग जरा जाड लाकूड, आणि एकदा का चूल धरली की ओंडकाही धरतो. मेंदूचंही तसं. आधी त्या तारेभोवतालच्या पेशी थोडा वेळ खदखदतात, झटका थांबल्यावरही काही सेकंद, मग ती खदखद रोज थोडी लांब जाते, थोडी जास्त टिकते, आणि एक दिवस अख्खा मेंदू धरतो.

आता तुम्ही म्हणाल की रोज थोडं थोडं, मधे विश्रांती, आणि कायमचं लक्षात राहणं, हे तर पाढे पाठ करण्यासारखं झालं. तेच! तेच तर! गॉडर्डनाही तेच दिसलं, त्यांनी पुढे आकडीचा हा ठसा आणि स्मरणशक्तीचा ठसा एकाच जातीचे आहेत का असा प्रश्न उघड विचारला. ज्या यंत्रणेने मेंदू शिकतो त्याच यंत्रणेने तो आकडीही शिकतो, हे माझं आवडतं वाक्य आहे आणि ते मी आज दोनदा तरी म्हणणार आहे.

मग प्रश्न येतो की उंदराची आकडी मोजायची कशी. १९७२ मध्ये रोनाल्ड रसीन यांनी पायऱ्या ठरवून दिल्या, आजही सगळे त्याच वापरतात. पहिली पायरी, तोंड चावल्यासारखं हलतं. दुसरी, मान डोलायला लागते. तिसरी, पुढचा पाय झटकतो. चौथी, उंदीर मागच्या पायांवर उभा राहतो. पाचवी, उभा राहून कोसळतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगायचे की वहीत नुसते आकडे लिहू नका, एकदा तरी त्याच्याकडे बघा. पाचव्या पायरीनंतर तो पडून असतो, मग हळूहळू उठतो आणि मिश्या साफ करतो, आणि त्या वेळी त्याला एकटं सोडायचं, हात लावायचा नाही. माणसालाही तेच हवं असतं.

आता मी जरा वेगळ्या वाटेने जाते, पण ही वाट मुख्य आहे, म्हणून ऐका.

आमच्याकडे एका वनस्पतीच्या अर्कावर काम चाललं होतं. वनस्पतीचं नाव सांगत नाही, कारण उद्या कुणीतरी तिचा काढा करून पिईल. विजेऐवजी आम्ही पीटीझेड वापरत होतो, पेंटिलीनटेट्राझोल, हे रसायन मोठ्या डोसमध्ये दिलं की लगेच आकडी येते, पण किलोला ३५ मिलिग्रॅम असा कमी डोस एक दिवसाआड देत गेलं तर तेच होतं, चूल हळूहळू धरते. निम्म्या उंदरांना अर्क, निम्म्यांना नुसतं सलाईन, आणि दोघांनाही पीटीझेड. बरोबर? तीन आठवड्यांनी सलाईनवाले उंदीर चौथ्या-पाचव्या पायरीवर, आणि अर्कवाले बहुतेक दुसऱ्याच पायरीवर. माझी एमडीची विद्यार्थिनी रडायला आली होती आनंदाने. मीसुद्धा रात्री झोपले नाही. मनात पेपरचं शीर्षकही तयार झालं होतं.

अॅनिमल हाऊसमध्ये एक मामा होते. सगळ्याच कॉलेजात असतात तसे, शिक्षण आठवी, नोकरी सव्वीस वर्षं, उंदरांचं खाणंपिणं, भुसा बदलणं, पिंजरे धुणं, पिल्लं झाली की मोजून वहीत लिहिणं, सगळं त्यांच्याकडे. मामा मला म्हणाले, 'मॅडम, दाराजवळचे उंदीर आधीपासूनच बिथरलेले असतात, त्यांना औषध द्या नाहीतर देऊ नका.' मी म्हटलं म्हणजे काय? तर ते मला घेऊन गेले आणि म्हणाले उभ्या राहा इथे दहा मिनिटं, बोलू नका.

मी उभी राहिले. दाराच्या पलीकडच्या भिंतीला बोअरची मोटर होती, ती सुरू झाली. मग पिंजरे धुवायची लोखंडी ट्रॉली आली, खडखडत, लोखंडी चाकांवर. दार लोखंडी, ते धाडकन लागलं. एका शिपायाने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला. प्रत्येक वेळी दाराजवळच्या रॅकमधले उंदीर गोठल्यासारखे होत होते, आणि आतल्या रॅकमधले खात होते, झोपत होते. आणि मी वही बघितली तर सलाईनचे सगळे पिंजरे दाराजवळ, कारण ते आधी तयार झाले म्हणून आधी लावले, आणि अर्काचे सगळे आत! कुणी मुद्दाम केलं नव्हतं, एक ते आठ नंबर इकडे आणि नऊ ते सोळा तिकडे, इतकं साधं.

मग आम्ही नवे उंदीर घेतले आणि अर्क कुणालाच दिला नाही. सगळ्यांना सलाईन, सगळ्यांना पीटीझेड, फक्त अर्धे दाराशी आणि अर्धे आत. दाराशी असलेल्यांनी पुन्हा आधी पाचवी पायरी गाठली. म्हणजे मी ज्याला अर्काचा गुण समजत होते तो निदान बराचसा त्या दाराचा अवगुण होता.

आता माझी तक्रार, आणि ती मी इतकी वर्षं कुठे जाहीर मांडलेली नाही. मी हे वरिष्ठांना सांगितलं तेव्हा मला उत्तर मिळालं की आकडे छान आलेत, पेपर पाठवून द्या, मामांचं काय ऐकता. मी पेपर पाठवला नाही. विद्यार्थिनीची एक टर्म गेली, तिने माझ्याशी चार महिने नीट बोलणं टाकलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं पण निर्णयाचं वाटत नाही. मग मी अर्ज केला की ट्रॉलीला रबरी चाकं द्या आणि मोटर हलवा. चाकांचा खर्च म्हणाल तर हजार-दीड हजार. ती फाईल चौदा महिने फिरली, एकदा तर मला विचारणा झाली की उंदरांना आवाजाचा त्रास होतो याचा पुरावा जोडा, आणि तो पुरावा जोडायला मला शांत खोली हवी होती! शेवटी मामांनी सायकलची जुनी ट्यूब आणली, कापली, आणि ट्रॉलीच्या चारही चाकांना गुंडाळून तारेने आवळली. एका दुपारचं काम. किल्ल्यांच्या जुडग्याला त्यांच्या बायकोने कापडाची पिशवी शिवून दिली. पुढच्या पेपरात मी आभारात मामांचं नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट, आणि ते काढा असं मला सुचवलं गेलं तेव्हा मी काढलं नाही.

हे मी रागाने सांगत नाही, म्हणजे थोडा राग आहे. पण हे नुसतं एका कॉलेजचं दुखणं नाहीये. उंदराला माणसापेक्षा कितीतरी वरचे आवाज ऐकू येतात, आपली मर्यादा वीस हजार हर्ट्झ, त्यांची सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात. जुने काचेचे मॉनिटर आठवतात का, डबा मॉनिटर? त्यांची शिट्टी आपल्याला ऐकू यायची नाही, उंदराला दिवसभर ऐकू यायची. माऊसची डीबीए-टू नावाची एक जात आहे, तीन आठवड्यांच्या वयात नुसती जोरात घंटा वाजवली तरी त्यांना आकडी येते, काही वेळा जीवही जातो. आणि २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की खोलीत पुरुष संशोधक असेल तर उंदरांचा ताण वाढतो, बाई असेल तर तसा वाढत नाही. पुरुषाने घातलेला टीशर्ट नुसता ठेवला तरी तेच! (हॉलमध्ये हशा.) हसा, पण विचार करा, त्याआधीच्या किती प्रयोगांत कुणी लिहून ठेवलं होतं की त्या दिवशी खोलीत कोण होतं?

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची गोष्ट तर मला फार आवडते. तिथे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला साध्या, निरोगी समजल्या जाणाऱ्या विस्टार उंदरांचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढताना लक्षात आलं की त्यातल्या जवळपास तीस टक्क्यांच्या मेंदूत मधूनच टोकदार लाटा उठतात आणि तेवढे सेकंद उंदीर जागच्या जागी थांबतो, मिश्या थोड्या फुरफुरतात, बस. लहान मुलांना वर्गात बसल्या बसल्या काही सेकंद तंद्री लागते, बाई म्हणतात लक्ष नाही, पण ती खरी एक प्रकारची फिट असते, अॅब्सन्स, अगदी तशीच. फरक म्हणजे मुलांत लाटा सेकंदाला तीन आणि उंदरात सात ते अकरा. त्यांनी असे उंदीर निवडून त्यांची वेगळी जात केली, तिला गेर्स म्हणतात. पण माझं मन अडकतं ते त्या तीस टक्क्यांवर. ते सगळे 'नॉर्मल' म्हणून वापरले जात होते! काही लोक आज असंही म्हणतात की या लाटा म्हणजे आकडी नसून उंदराची शांत बसण्याची तऱ्हाच असेल, कारण रानातून पकडलेल्या उंदरांतही त्या सापडल्या आहेत. वाद चालू आहे. चालू राहू दे, चांगला वाद आहे.

नेदरलँड्समध्ये अशीच दुसरी जात आहे, वॅग-रिज. त्यांच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत रोज थोडा वेळ नुसतं हातात घेतलं, तर मोठेपणी त्यांच्या मेंदूत त्या लाटा कमी दिसल्या. आकडी जनुकांतून आलेली, तरी हाताळण्याने बदलते. रोजच्या स्पर्शाने मेंदूतली विजेची दारं, ज्यांना चॅनेल म्हणतात ती, बदललेली दिसली. मला हे वाचून पहिल्यांदा मामा आठवले, ते पिल्लं मोजताना प्रत्येकाला अंगठ्याने कुरवाळायचे.

...हो? चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरे देवा, मी ज्यासाठी आले ते अजून सांगितलंच नाही. बरं, आता भराभर ऐका, प्रश्न नंतर.

एक, औषधं. तुमच्या घरात कुणी सोडियम व्हॅल्प्रोएट घेत असेल. हे १८८२ मध्ये तयार झालेलं रसायन, ऐंशी वर्षं लोक ते विरघळवायला वापरत होते. १९६२-६३ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबलला काही पदार्थ त्यात विरघळवून प्राण्यांना दिले, पीटीझेडच्या चाचणीत सगळेच चांगले निघाले, आणि मग लक्षात आलं की गुण पदार्थांचा नाही, ज्यात विरघळवलं त्याचा आहे. पुन्हा तेच, ज्याकडे कुणी बघत नव्हतं तिथे उत्तर. दुसरं औषध लेव्हेटिरासेटाम, तेही अनेक घरांत आहे. निरोगी उंदराला जोरात झटका किंवा पीटीझेड द्यायच्या ज्या दोन नेहमीच्या चाचण्या, त्या दोन्हींत ते नापास झालं! पण किंडलिंग झालेल्या उंदरांत आणि स्ट्रासबर्गच्या उंदरांत त्याने काम केलं. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. म्हणजे आकडी शिकलेला मेंदू आणि निरोगी मेंदूला अचानक आलेली आकडी, हे दोन वेगळे मेंदू आहेत. ज्या यंत्रणेने मेंदू शिकतो त्याच यंत्रणेने तो आकडीही शिकतो. दुसऱ्यांदा म्हटलं, झालं.

दोन, पिंजरा. १९९९ मध्येच नेचर मेडिसिनमध्ये आलं की बोगदे, चाकं, खेळणी असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात वाढलेले उंदीर केनिक अॅसिड या रसायनाने येणाऱ्या आकडीला जास्त टक्कर देतात. हे केनिक अॅसिड जपानमधल्या समुद्रशेवाळातून निघालं, जंतांचं औषध म्हणून, ती गोष्ट फार छान आहे पण आज नाही.

तीन, पोट. भरपूर तूप-तेल, अगदी कमी भात-पोळी असा कीटोजेनिक आहार १९२१ पासून मुलांच्या फिटसाठी वापरतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घरी आपलं आपण करायचा नाही. २०१८ मध्ये लॉस एंजलिसच्या गटाने दाखवलं की माऊसच्या आतड्यातले जिवाणू काढले तर त्या आहाराचा उपयोगच होत नाही, आणि ठरावीक जिवाणू परत दिले की होतो. आकडी मेंदूत आणि एक चावी आतड्यात. काय म्हणावं!

चार, आणि हे आपल्या शेजारचं. कर्नाटकात, विशेषतः म्हैसूरच्या बाजूला, डोक्यावरून कढत पाणी भराभर ओतून घेताना फिट येणारे बरेच लोक आहेत, याला हॉट वॉटर एपिलेप्सी म्हणतात. न्यूझीलंडमधून १९४५ मध्ये पहिली नोंद आली, पण याचा खरा मोठा अभ्यास बंगळूरच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मेंदू-मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत झाला, डॉक्टर सतीशचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, शेकडो रुग्णांचा. आणि मग ते उंदरांकडे गेले. त्याआधी अमेरिकेत १९८४ मध्ये दिसलं होतं की उंदराला पुन्हा पुन्हा गरम पाण्याचा संपर्क दिला तर किंडलिंगसारखाच परिणाम होतो, निम्हान्सच्या गटाने १९९६ मध्ये आपला उंदरांचा प्रयोग छापला. डोक्यावर गरम पाणी, पुन्हा पुन्हा, आणि दर खेपेला आकडी लवकर. एक अंघोळ म्हणजे एक काटकी. रुग्णांना मग सांगता आलं की पाणी कोमट घ्या, डोक्यावर भराभर ओतू नका, अंगावर आधी घ्या, आणि काहींना अंघोळीच्या तास-दोन तास आधी क्लोबाझाम या फिटच्या औषधाची छोटी गोळी, तीही डॉक्टरांनी ठरवून. कितीतरी लोकांचं एवढ्यावर भागलं.

पाच, आणि हे न सांगता मी उतरणार नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. दर आकडी पुढच्या आकडीची वाट करून देते हे इंग्लंडच्या विल्यम गॉवर्सनी १८८१ मध्येच लिहिलं होतं, आणि उंदरात ते दिसतंही. मग माणसात पहिल्या फिटलाच गोळी सुरू केली तर पुढचा आजार टळतो का? २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठी चाचणी आली, चौदाशेहून जास्त लोक, अर्ध्यांना लगेच गोळ्या आणि अर्ध्यांना थांबून. लगेच गोळ्या घेतलेल्यांना सुरुवातीची एक-दोन वर्षं फिट कमी आल्या, पण पुढे लांब पल्ल्यात दोघे सारखेच. म्हणून पहिल्या फिटला गोळी सुरू करायची की नाही हे डॉक्टर माणूस बघून ठरवतात. याचा अर्थ चालू गोळ्या बंद करा असा कुणी काढला तर मी इथून खाली येऊन भांडेन, कारण गोळी अचानक बंद करणं हे फिट येण्याचं फार मोठं कारण आहे. दहा रुग्णांतले सातजण नीट औषधाने फिटशिवाय जगू शकतात, जागतिक आरोग्य संघटना हे ओरडून सांगते आहे.

आणि समोर कुणाला फिट आली तर: कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली की सरळ हॉस्पिटल. कांदा भाजीत घाला.

घंटा वाजली, ऐकली मी. एकच मिनिट, ही भांड्याखालची चिठ्ठी. रविवारीच फिट येते म्हणणाऱ्या ताई, तुम्ही कुठे बसला आहात मला माहीत नाही आणि हात वर करू नका. पण चहाच्या वेळी मी त्या खिडकीपाशी थांबते. येताना आठवून या, शनिवारी रात्री तो किती वाजता झोपतो, रविवारी सकाळची गोळी उशिरा होते का, आणि मुख्य म्हणजे रविवारी तो डोक्यावरून अंघोळ करतो का, बंब किती तापवता, आणि तांब्या हातात कुणाच्या असतो.